बांधाखालची हराळी

मोजणी मी लावली. गावात उलटं सांगतात, धाकट्या भावानं लावली आणि म्हाताऱ्याची जिरवली म्हणून. ते खोटं आहे. राहात्याला मोजणी कचेरीत जाऊन अर्ज मी केला. सही केली, अंगठा नाही. चौथीपर्यंतच शिकलोय, पण सही अशी येते की कारकून मान वर करून बघतो.

पोरगं म्हणत होतं, "आप्पा, कशाला? चाललंय ते चालू द्या."

"चाललंय म्हनून तर लावायची. मी मेल्यावर तुमी चुलतभाऊ डोकी फोडून घ्याल," मी म्हणालो.

सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. धाकट्या भावानं माझा बांध कोरलाय, हे मला गावासमोर दाखवायचं होतं.

शेती करणाऱ्याला हे सांगायला नको, पण वाचणारे आता फ्लॅटात राहतात म्हणून सांगतो. दोन रानांच्या मध्ये मातीचा बांध असतो. नांगरताना बांधाला चिकटून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, घेतला की चार बोटं माती आपल्याकडं पडते. पुढल्या साली आणखी थोडी. कुणाच्या ध्यानात येत नाही. भांडायला गेलात तर बोट ठेवून दाखवायला काही नसतं, कारण बांध तर समोर दिसतच असतो. तो सरकताना कुणी पाहिलेला नसतो.

आमचं रान पाटाखाली आहे, राहात्याहून पुणतांब्याकडं जाताना. वडलांनी त्यांच्या हयातीतच दोन वाटे केले. आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याच्या मनात पाप येत नाही. मी बैलाचा कासरा धरून रान दुभागलं. धाकट्यानं उगवतीचा वाटा उचलला, मला मावळतीचा आला. बांधाच्या एका टोकाला सामाईक विहीर, दुसऱ्याला पाट. त्याला आता चाळीस वर्षं तरी झाली असतील.

भांडण लागलं ते अकरा वर्षांपूर्वी. त्यानं नवा ट्रॅक्टर आणला आणि पहिल्याच दिवशी बांधाला लावून घातला. मी पाटाच्या चारीवर उभा होतो. तिथूनच ओरडलो, "बांध खातो का रं?"

तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "दादा, बांध खाल्ला असता तर पोट सुटलं असतं. बघ की, काडीवानी हाय मी."

शेजारच्या रानातली माणसं हसली. तो हसण्यावारी नेत होता, तेच मला झोंबलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याच्या घरातली वाटी माझ्या घरात येणार नाही आणि माझी त्याच्याकडं जाणार नाही, असं मी ओसरीत उभं राहून सांगितलं. बायको चुलीपाशी होती. विहिरीवर दोघी जावा बोलायच्या ते मला ठाऊक होतं, पण विहीर सामाईक होती, तिथं माझा हुकूम चालत नव्हता.

बायको जाऊन सहा वर्षं झाली.

तेव्हा आमची पेरूची बाग होती. सकाळी फळं तोडायची, पाटीत खाली पाला, वर फळं, पुन्हा पाला, असं रचून ती शिर्डीच्या रस्त्याला जाऊन बसायची. गाड्या थांबायच्या. ओरडणं तिला कधी जमलं नाही. एक पेरू कापून ठेवायची आणि वासावर माणसं यायची. संध्याकाळी रिकाम्या पाट्या एकात एक घालून परत. एकदा अशीच पाला अंथरताना म्हणाली, "आवो, मी गेले की मला गंगंला न्या."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिचं माहेर पुणतांब्याचं, घर घाटापासून हाकेवर.

मी म्हणालो, "आत्ताच कशाला?"

"आत्ता न्हाई वो. मेल्यावर. मी पवायला तितंच शिकले. भाऊ काठावरनं ढकलायचे आन मी त्यांच्याबी आधी पल्याड."

हे ती चार-पाच वेळा तरी बोलली असेल. मी दर वेळी पुढचं काम सांगितलं. लग्न झाल्यापासून ती पोहलेली मी पाहिली नाही. रानात भरलेली विहीर होती, ती रोज तिच्यातलं पाणी शेंदायची, पण सून-लेकीनं विहिरीत उतरायचं नाही असं आमच्या घरात होतं. असं होतं म्हणजे आधी वडलांचं आणि मग माझं म्हणणं होतं.

ती नगरच्या दवाखान्यात गेली. नेली तेव्हा बोलत होती, चौथ्या दिवशी गाडीतून आणली. तिसऱ्याला राख सावडली तेव्हा तिचे भाऊ पुणतांब्याहून नवं मडकं आणि पांढरं फडकं घेऊन आलेले. थोरला मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी हाय. तासाभरात घाटावर पोचू."

मी म्हणालो, "न्हाई. रानात पुरायची. वर झाड लावायचं."

आमच्या भागात आता असं करतात. नदीत राख नको, शेतात खड्डा घ्यायचा, राख टाकायची, रोप लावायचं. चांगली गोष्ट आहे, शिकलेले लोक सांगतात. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पोराच्या लग्नात ह्या मेव्हण्यांनी आहेराची टॉवेल-टोपी मला स्वतःच्या हातानं दिली नव्हती, कुणाकरवी धाडून दिली होती. चार वर्षं मी त्यांचा उंबरा चढलो नव्हतो. आता मडकं घेऊन त्यांच्या दारावरून घाटावर जायचं, त्यांच्या ओट्यावर चहा प्यायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं.

"दाजी, तिनं सांगितलं हुतं," मेव्हणा म्हणाला.

"मला न्हाई सांगितलं."

एवढं मी बोललो. समोर राख होती आणि मी हे बोललो. मेव्हणा माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मडकं तिथंच ठेवून गेला.

खड्डा मी बांधाच्या कडेला घेतला, माझ्या बाजूला. रानाच्या मध्यात झाड आलं तर नांगराला आडवं येतं. तिला पुरताना माझ्या डोक्यात नांगर होता. वर पेरूचं रोप लावलं, तिनंच पिशवीत केलेलं.

ती गेल्यावर मला त्या रानात नीट चालता येईना. जन्म त्या मातीत गेला, तरी पाय अडायचा. चारीच्या वळणावर ती चप्पल काढून ठेवायची, ती जागा मी ओलांडून जायचो. पाटाच्या कडेला एक दगड आहे, त्यावर तिनं इतकी खुरपी घासली की मधोमध खाच पडलीय. पोरानं तो दगड उचलून गोठ्याला लावायचा म्हटलं तर त्याच्यावर धावून गेलो. बाग पुढं जळाली, मुळांना रोग लागला, सगळ्यांच्याच बागा गेल्या. आम्ही ऊस लावला. बांधावरचं एकटं झाड तेवढं राहिलं. रोज सकाळी मी तिथं जाऊन बसायचो. पाठ बांधाला, बांधापलीकडं भावाचं रान. मला वाटायचं, आता हिला कुठं जायचंय? माझ्या रानात आहे, माझ्यापुढं आहे.

तर अशात मोजणी आली.

पूर्वी साखळ्या घेऊन माणसं यायची, दिवस दिवस लागायचा. हा एकटा पोरसवदा साहेब आला, हातात काठी, काठीवर बशीसारखं यंत्र. म्हणे आभाळातून मोजतं. मी म्हणालो, "रान खाली हाय, साहेब." तो बरा माणूस होता, हसला. धाकट्याला नोटीस गेली होती. तो टोपी घालून आला आणि बांधावर तंबाखू मळत बसला. पंच म्हणून गावातली चार माणसं होती. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, जी हद्द निघेल ती मान्य आहे ना?"

"निघंल ती मान्य. मागं फिरनारी अवलाद न्हाई आमची," मी म्हणालो. आणि भावाकडं बघून म्हणालो.

विहिरीपासून सुरुवात झाली. साहेब काठी टेकवायचा, यंत्र वाजायचं, त्याचा माणूस चुन्याच्या फक्कीची रेघ टाकायचा. थोडं अंतर गेल्यावर ती पांढरी रेघ बांधावरून माझ्या रानात उतरली. मला वाटलं, पाय चुकला त्याचा. पुढं गेली तशी आणखी आत. पंचांतला एक जण चालायचा थांबला. रेघ झाडापाशी आली आणि झाडाच्या अलीकडून निघून गेली. माझ्या बाजूनं. झाड पलीकडं राहिलं.

"पुन्हा मोजा," मी म्हणालो.

साहेबानं पुन्हा मोजलं. फक्की फक्कीवरच पडली. झाडापाशी नऊ फूट. पाटाकडं जाता जाता कमी होत रेघ बांधाला मिळाली.

एक पंच बोललाच, "आप्पा, बांध तर तुमीच खाल्ला की वं!"

बाकीचे हसले. धाकटा हसला नाही. तो तंबाखूची चिमूट हातात तशीच धरून झाडाकडं बघत होता.

मी चोर नाही. हे मी तेव्हा म्हणालो आणि अजून म्हणतो. पण त्या दिवशी दुपारी भाकरी पुढ्यात घेऊन बसलो आणि मला हराळी आठवली. बांधाच्या बुडाला हराळी माजते. तिच्या मुळ्या रानात शिरल्या की पीक खातात. म्हणून दर वर्षी पेरणीआधी मी बांधाच्या बुडाशी एक तास घ्यायचो, हराळी उलथायला. पाटाकडं मुरमाड आहे, तिथं हराळी नसते. विहिरीकडं काळी माती, तिथं भारी. बायको मागून मुळ्या वेचत यायची. बांध ढासळला की मीच फावड्यानं त्याला पुन्हा माती लावायचो, आणि ती माती लावायला मला सोयीची बाजू म्हणजे पलीकडची. बांध असा त्याच्याकडं सरकत गेला, चाळीस वर्षं. एका वर्षाला किती? तीन बोटं. मला एकदाही वाटलं नाही की मी काही घेतोय. मला वाटायचं मी रान साफ ठेवतोय, धाकट्यासारखा आळशी नाही.

एकदा ती मागून म्हणालीही होती, "आवो, किती जवळ घेता? बांध पडंल."

"तू मुळ्या येच," मी म्हणालो होतो.

पंचनाम्यावर सही केली. सही नेहमीसारखीच आली.

धाकट्यानं काहीच केलं नाही. रेघेवर दगड रोवले, एवढंच. नवा बांध घालायला मशीन आणलं नाही. आठ दिवसांनी माझ्या पोराकडून निरोप दिला की झाडाला हात लावणार नाही, दादाला सांग. पोरगं खूश होऊन सांगत आलं. मी त्याला शिव्या घातल्या. माझी बायको मला दान म्हणून मिळणार का? ती त्याच्या सातबाऱ्यात राहणार आणि मी पाहुण्यासारखं बघायला जायचं?

तेव्हा मला पुणतांबं आठवलं. झाडाखालची माती काढायची आणि गंगेत सोडायची. तिनं मागितलं होतं म्हणून आठवलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तसं नव्हतं. भावाच्या रानात तिला ठेवायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचं मागणं मी पुढं केलं, कारण ते सोयीचं होतं.

पण रान आता त्याचं, खणायला विचारणं आलं. अकरा वर्षांनी, घमेलं घेऊन, त्याच्या ओट्यापाशी गेलो. कुत्रं भुंकलं. त्याच्या कुत्र्याला मी ओळखीचा नव्हतो.

"बस," धाकटा म्हणाला.

"बसाया न्हाई आलो. माती पायजे."

"कसली?"

"झाडाखालची. घमेलंभर. पुनतांब्याला न्यायची."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "वयनीला?"

"मग कुनाला?"

भावजय दारात उभी होती, डोक्यावर पदर. माझ्यापुढं ती कधी बोलली नव्हती, चाळीस वर्षांत नाही. पाण्याचा तांब्या तिनं ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आत्ता व्हय, दादा?"

धाकटा म्हणाला, "तू गप."

"गपच हाय जलमभर. आता बोलू द्या." मग माझ्याकडं न बघता, तांब्याकडं बघत बोलली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशी आक्का इहिरीवर आल्ती. कळशी उचलत नव्हती तिला. म्हनली, 'हे काय मला गंगंला न्यायचे न्हाईत गं. माज्या भावांच्या दारात जायला लागंल ना त्यांना. तू सांगून बग.' मी काय सांगनार? तुमच्या म्होरं उभं ऱ्हायची तरी सोय हुती का?"

मी पाणी प्यायलो नाही. म्हणजे तिला माहीत होतं. मी नेणार नाही हेही आणि का नेणार नाही हेही. सावडताना मेव्हण्याशी मी जे खोटं बोललो, ते बोलायच्या आधीच तिनं ऐकून ठेवलं होतं.

धाकट्यानं कुदळ घेतली आणि माझ्या पुढं चालायला लागला. झाडापाशी म्हणाला, "दे, मी खनतो."

"न्हाई. मी."

"गुडघा बग तुजा."

"माजा गुडघा माज्यापाशी."

तो बाजूला झाला. मी खणलं. वरची माती रानातल्यासारखीच, काळी. हातभर खाली गेलो तर मुळंच मुळं. बारीक, पांढरी, एकमेकांत विणलेली, मूठ घालायला जागा नाही. राखेचा रंग कुठं दिसेना. आणखी एक घाव घातला तर एक जाड मूळ तुटलं आणि ओलं लागलं हाताला.

"दादा, बास. झाड मरंल," धाकटा म्हणाला.

मी तिथंच फतकल मारून बसलो. मातीची एक मूठ घेतली, चोळली. त्यात ती होती की नव्हती, मला काय कळणार? होतं ते झाडानं सहा वर्षांत पिऊन टाकलं होतं. घमेलंभर रानातली माती घेऊन गेलो असतो, घाटावर सोडली असती, हात जोडले असते, मेव्हण्यांनी डोळे पुसले असते. ते तिला दुसऱ्यांदा फसवणं झालं असतं. आणि खरंच तिला काढायची तर झाड मुळासकट उपटावं लागलं असतं. ते झाड आता माझं नव्हतं.

माती मी परत लोटली. धाकट्यानं गुडघ्यावर बसून ती हातानं दाबली. पायानं दाबली असती तर मी काहीतरी बोललो असतो, मला बोलायला काही तरी मिळालं असतं. त्यानं हातानं दाबली.

"पानी मी घालतो रोज. तू कवाबी ये," तो म्हणाला.

मी उठलो आणि आलो. घमेलं तिथंच राहिलं, ते त्यानं दुसऱ्या दिवशी पोराकरवी धाडलं.

त्यानंतर मी झाडापाशी गेलो नाही. रोवलेल्या दगडाच्या अलीकडं, माझ्या बाजूला बसतो. नऊ फूट काही लांब नाही, सगळं दिसतं. गावातले म्हणतात म्हाताऱ्याचा पीळ जात नाही. नाही जात. तो गेला तर माझ्यात राहणार काय? पुणतांब्याला एकदा जाऊन आलो, कुणाला न सांगता, जीपनं. घाटावर बसलो. पाणी बरंच होतं. पलीकडचा काठ किती लांब आहे ते मी पहिल्यांदा बघितलं. शेजारी एक बाई कपडे धूत होती, तिला विचारलं, "हे पवून जातात का कुनी?" ती म्हणाली, "पूर्वी पोरी जायच्या म्हनं. आता कोन जातंय बाबा?" मेव्हण्यांच्या दारावरून परत आलो. दार उघडं होतं. आत गेलो नाही.

ह्या थंडीत झाडाला पेरू आले. मागं ते मी तोडायचो आणि घरातच संपवायचो. बांधापलीकडं एकसुद्धा दिला नव्हता. एके दिवशी दुपारी भावजय पाटी घेऊन आली, खाली पाला, वर फळं. सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "दादांना द्या." एवढं म्हणून गेली. अकरा वर्षांनी त्या घरची वस्तू ह्या घरात आली आणि मी अडवलं नाही. पोरानं खाल्ले, सुनेनं खाल्ले, गोड आहेत म्हणाले. मी एक हातात घेऊन ठेवून दिला.

कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. हे काम घरात तिचं. मी सुनेला विचारलं, "तुजी सासू काय घालायची गं पाटीत, परत देताना?"

"मला काय म्हाईत, आप्पा? मी आले तवापासनं देनंघेनं बंदच हाय की. तुमीच केलं हुतं ना बंद."

बरोबर आहे. आणि त्याआधीची तीस वर्षं मी त्याच घरात होतो, पण तिच्या हातून पाटीत काय जात होतं ते कधी बघितलं नाही. गूळ असेल. शेंगा असतील. आठवायला बसतो तेव्हा फक्त तिची पाठ दिसते, ओसरीच्या पायऱ्या उतरताना, डोक्यावर पाटी.

चार दिवस झाले. पाटी ओसरीवरच आहे. सून दोनदा म्हणाली, "आप्पा, चार कांदे टाकून देऊन येते."

मी तिला पाटीला हात लावू दिलेला नाही.